किंचाळी शिकले तो हिवाळा

गिटार किंचाळते म्हणजे नेमकं काय होतं, असं कोणी विचारलं तर मी आधी उजव्या हाताचा अंगठा दाखवते. नखाच्या शेजारी, आतल्या बाजूला, तिथली कातडी जाड झाली आहे. पिक, म्हणजे तार छेडायची प्लास्टिकची चकती, दोन बोटांत इतकं पुढे धरायचं की त्याचं जेमतेम टोक बाहेर राहील. त्या टोकाने तार छेडायची आणि त्याच झटक्यात अंगठ्याची कडा तारेला पुसटशी लागून निघून गेली पाहिजे. जास्त लागली तर तार मुकी होते, कमी लागली तर नेहमीचाच सूर येतो. बरोबर लागली तर खालचा जाड सूर विझतो आणि त्याच तारेतला एक बारीक, फार उंच सूर उसळून वर येतो. इंग्रजीत त्याला भारदस्त नाव आहे. आमच्या घरात त्याला किंचाळी म्हणतात. ते नाव आईने ठेवलं.

मी शहापूरला एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना सांगायचं, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. बाजाराच्या मागे एक खोली भाड्याने घेतली आहे. गिटार माझी नव्हे, कॉलेजातल्या मैत्रिणीची. ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली तेव्हा आवाज मोठा करणारा छोटा अँप, तो खरखरीत करणारं डिस्टॉर्शनचं पेडल आणि ही काळी, कडांचे पोपडे निघालेली गिटार माझ्याकडे ठेवून गेली. "विकू नकोस, वाजव," एवढंच म्हणाली. फोनवरचे व्हिडिओ बघत मी साधे कॉर्ड शिकले. मग एका संध्याकाळी असाच एक व्हिडिओ बघताना वाजवणाऱ्याने मधेच तार अशी काही छेडली की गिटार माणसासारखी ओरडली. मी मागे नेऊन परत परत ते ऐकलं. जेवण गार झालं. मला ते यायलाच हवं असं वाटलं, का ते तेव्हा कळलं नाही. आता थोडं कळतं.

त्या पावसाळ्यात बाबांचा आवाज गेला होता.

आमचं गाव टोकावडे आणि वैशाखऱ्याच्या मधे, रस्ता सोडून थोडं आत. थोडी भातशेती, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. बाबा गावच्या भजनी मंडळात पुढे बसून गायचे. शिकलेले गाणारे नव्हते, पण त्यांची टीप आजूबाजूच्या गावांना माहीत होती. अभंगाची ओळ चढत चढत वर गेली की बाकीचे थांबायचे आणि बाबा एकटे तो वरचा सूर धरायचे. मान किंचित डावीकडे, डोळे मिटलेले, आणि तळहात हवेत, जणू काही तरी त्यावर तोलून धरलं आहे. मी लहानपणी मागे बायकांत बसून तो हात बघायचे.

आधी घसा बसला. सर्दी म्हणून काढा झाला, मध-हळद झाली. मग गिळताना दुखायला लागलं. मीच त्यांना तपासायला नेलं, मग मोठ्या इस्पितळात, आणि तिथे सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशन नीट झालं. बाबा वाचले. गळ्याच्या खालच्या बाजूला आता श्वासासाठी एक भोक आहे, आई जुन्या सुती लुगड्याचे तुकडे शिवून त्यावर बांधते. लोकांना वाटतं आवाज गेला म्हणजे निदान कुजबुजता तरी येत असेल. तेही येत नाही, कारण वारा तोंडापर्यंत पोचतच नाही. ओठ हलतात, बस. आई ते ओठ लवकर वाचायला शिकली. मला अर्धंच कळायचं.

देवळातून टाळांचा आवाज आला की बाबा उठून गोठ्यात जायचे आणि गुरांपुढे आधीच टाकलेली वैरण पुन्हा सारखी करत बसायचे. मंडळातले पखवाजवाले काका अधूनमधून येऊन ओटीवर बसत. दोघे लहानपणापासूनचे सोबती. काका शेतीचं, बाजाराचं बोलत, भजनाचं काढत नसत. मग चहा पिऊन जात.

अशा घरात किंचाळणारी वस्तू न्यावी की नाही, मला कळेना. पण शहापूरच्या खोलीत अँप लावायची सोय नव्हती. खाली घरमालकांकडे तान्हं बाळ होतं. हेडफोनवर सराव केला तर सगळंच डोक्यात किंचाळल्यासारखं वाटायचं, खरं काय निघालं आणि काय नाही ते समजायचं नाही. शेवटी मी आईला फोनवर विचारलं.

"आण गो," आई म्हणाली. "घरात कायतरी वाजू दे. मुका झालाय घर."

म्हणून भात झोडून झाल्यावर, वालाला पानं फुटली होती त्या दिवसांत, मी शनिवारी गिटार घेऊन निघाले. शहापूरहून जीपने सरळगाव, तिथून माळशेजकडे जाणारी एसटी. अँप मांडीवर, गिटार दोन गुडघ्यांत. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "बेंजो हाय का? कुठं हळद हाय?" हळदीला बेंजो वाजवणाऱ्या बायका त्याने पाहिल्या नसतील, तरी त्याला तेच सुचलं. मी हो म्हटलं. समजावण्यापेक्षा ते सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर अँप लावला. पहिला अर्धा तास जे निघालं त्याला सूर म्हणता येणार नाही. खरखर, ठकठक, मधेच पत्रा ओढल्यासारखा आवाज. कोंबड्या परसात पळाल्या. आई चुलीपासून ओरडली, "काय गो, कोणाचा गळा धरलास?" म्हणाली आणि एकदम थांबली, कारण गळा हा शब्द आमच्या घरात आम्ही टाळत होतो. मी हात थांबवला. आतून बाबा बाहेर आले.

मला वाटलं बंद कर म्हणतील. ते खांबाला टेकून उभे राहिले आणि बोटाने खूण केली, कर, परत कर.

मी केलं. ठक. पुन्हा ठक. मग अचानक, माझं लक्ष तारेवर नसून त्यांच्या तोंडाकडे असताना, तो आवाज निघाला. लहानसा, पटकन विझणारा. पण उंच. बाबांची मान डावीकडे झाली. त्यांनी बोट वर केलं, पार आढ्याकडे, आणि ओठ हलवले. तो शब्द मला लगेच वाचता आला. टीप.

तिथून ते माझ्याशेजारी बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत. मला तो सूर पुन्हा सापडेना. बाबांना मात्र ऐकून कळत होतं की तारेवर सगळीकडे तो सूर नाही, काही ठरावीक जागांवरच आहे. मी उजवा हात थोडा पुढे-मागे सरकवत छेडायची, ते कान देऊन बसायचे आणि आवाज निघाला की मांडीवर थाप मारायचे. तंबाखू सुटला होता, पण चुन्याची डबी कोनाड्यात राहिली होती. ती आणून त्यांनी काळ्या गिटारवर तारांच्या खाली, जिथे जिथे किंचाळी निघाली तिथे, बोटाने चुन्याचे ठिपके काढले. गिटारच्या मानेवर डावं बोट एका पडद्यावरून दुसऱ्यावर नेलं की जागा बदलायच्या. मग जुने ठिपके पुसून नवे.

पुढचे कित्येक शनिवार-रविवार असेच गेले. मी जाताना गिटार तिथेच ठेवायला लागले. पखवाजवाले काका एकदा आमचं चाललेलं ऐकून बांधावरूनच ओरडले, "अरे, बरा हाय हा. रानडुकरा येयाची नाय आता वालात!" बाबा हसले. त्यांचं हसणं म्हणजे खांदे हलतात आणि गळ्यावरचं फडकं फुगतं. ऑपरेशननंतर ते हसलेले मी पहिल्यांदा तेव्हा पाहिले.

पण सगळं गोड नव्हतं. एका रविवारी किंचाळी बऱ्यापैकी निघायला लागली होती, तरी बाबांचं समाधान होईना. ते तळहात हवेत धरून थरथरवत आणि ओठांनी काही सांगत. मी म्हटलं, "आवाज कमी करू?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "दुसरी तार घेऊ?" नाही. "थांबू का?" ते पुन्हा तेच, हात थरथरवत, ओठ मोठे करून, आता रागाने. मला तो शब्द वाचताच येईना. शेवटी त्यांनी जमिनीवर थाडकन पंजा आपटला आणि उठून शेताकडे निघून गेले. जेवायलाही आले नाहीत. आई त्यांची भाकर फडक्यात बांधून घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, "तुझ्यावर नाय गो राग. तोंडाशी आलेला सांगता येत नाय, त्याचा राग हाय." मी ओटीवर गिटार घेऊन बसून राहिले. एखादा शब्द आत असूनही बाहेर पडत नाही म्हणजे कसं असेल, हे मी तोपर्यंत त्यांच्याकडे बघून नुसतं कल्पनेने ठरवलं होतं. त्या दुपारी मी पिक खाली ठेवलं, तोंड बंद केलं आणि आई परत येईपर्यंत एक अक्षर न बोलता बसून पाहिलं. फार वेळ जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता, पण मी दवाखान्यात फोन करून सुट्टी घेतली. सकाळी आई वालाच्या शेंगा तोडायला गेली होती. बाबा आले, माझ्या उजव्या बाजूला बसले आणि माझ्या हातातलं पिक काढून घेतलं. गिटार माझ्याच मांडीवर. मला खूण केली, डावा हात तू ठेव, तार तू दाब.

मी तिसरी तार दाबून धरली. त्यांनी त्यांचा उजवा हात पुढे आणला. विळा धरून, आवणातली भाताची रोपं उपटून आणि आयुष्यभर टाळ वाजवून दगड झालेला तो अंगठा. पहिल्यांदा पिकच निसटून खाली पडलं. दुसऱ्यांदा तार मुकी झाली. मग त्यांनी पिक जरा आत घेतलं, श्वास सोडला आणि छेडली.

ओटी भरून किंचाळी निघाली. माझी इतक्या दिवसांत कधी अशी निघाली नव्हती. आणि ती विझायच्या आत त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं आणि हलवलं, मागे-पुढे, मागे-पुढे. माझ्या बोटाखालची तार हलली आणि तो सूर थरथरायला लागला. जिवंत झाल्यासारखा लांबत गेला. आदल्या दिवशी ते हेच सांगत होते. हलव. सूर नुसता काढून सोडू नको, हलव.

आम्ही एकमेकांकडे बघत होतो तोवर आई शेतातून धावत आली. हातात टोपली, पदर खोचलेला. "कोण वरडला? काय झाला गो?"

बाबांनी अंगठा स्वतःच्या छातीला लावला.

"तुमी?"

त्यांनी मान हलवली. आईने टोपली कमरेवर घेतली. मग म्हणाली, "परत करा बघू."

मी तार दाबली. पहिल्या खेपेला ठक वाजलं. बाबांनी हात झटकला, पुन्हा छेडली आणि ते आलं. आईने पूर्ण ऐकलं, तार थांबेपर्यंत. मग टोपली खाली ठेवली, "भाकऱ्या टाकायच्यात," म्हणून आत गेली. त्या दिवशी चूल पेटायला बराच वेळ लागला. मी आत डोकावले नाही.

त्यानंतर बाबा एकटेही वाजवायला लागले. डाव्या हाताचं एक बोट, एक तार, एकच सूर. कॉर्ड शिकवू का म्हटलं तर हात झाडायचे. गाणं त्यांना त्यातून वाजवायचंच नव्हतं. जेवणाची वेळ झाली की ते ओटीवर बसून एक लांब किंचाळी काढायचे आणि शेतातून आई ओरडायची, "येतंय, येतंय! मना काय बैल समजलाव?" बोलायची चिडून, पण हातातलं काम टाकून निघायची. पलीकडच्या घरातली माणसं त्यावर आपलं जेवण लावायला लागली. लाइट गेली असली की त्या दिवशी सगळ्यांची जेवणं उशिरा.

पखवाजवाल्या काकांच्या मनात एक विचार आला. ते पखवाज घेऊनच आले एका दुपारी. म्हणाले, "तू टीप दे, मी ठेका धरतो." दोघे बसले. काकांनी सावकाश ठेका धरला आणि बाबांनी जिथे आपला सूर लागायचा तिथे तार छेडली. कधी जागेवर यायची, कधी नाही. सुरात होती की नव्हती हे मला सांगता येणार नाही, कारण मी काकांच्या तोंडाकडे बघत होते. डोळे पुसायला हात रिकामे नव्हते त्यांचे. संपल्यावर म्हणाले, "एकादशीला देवळात आण हा. कोण काय बोलला तर मी हाय."

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. काकांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. मग माझ्याकडे वळून ओठ हलवले, हळूहळू, मला वाचता यावं असे. मी मोठ्याने सांगितलं, "काका, ते म्हणतात हा घरचा आवाज आहे. तिकडे ते टाळ घेऊन येतील."

आणि एकादशीला खरंच गेले. दिवेलागणीला नुकती सुरुवात झाली होती. मागच्या रांगेत, गळ्याला स्वच्छ फडकं बांधून, टाळ घेऊन बसले. ओळ वर चढली तेव्हा पूर्वीसारखेच बाकीचे थांबले, सवयीने. क्षणभर नुसता पखवाज आणि बाबांचे टाळ. मग कोणीतरी चाचरत तो सूर घेतला. जरा खालीच घेतला. बाबांनी त्याच्याकडे बघून हात वर केला, अजून वर, अजून. तो हसला आणि चढला.

शिमग्याच्या अलीकडे त्यांची मोठ्या इस्पितळात तपासणी होती. तिथल्या, पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी एक छोटं यंत्र दाखवलं. टॉर्चसारखं दिसतं, मानेला लावून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की त्याच्या कंपनातून शब्द तयार होतात. आवाज सपाट येतो, चढ-उतार नाही, पाणी ओढणाऱ्या मोटरसारखा. बाई म्हणाल्या, पुष्कळ लोकांना तो आवाज स्वतःचा म्हणून सहन होत नाही, ते घेत नाहीत. मलाही वाटलं बाबा घेणार नाहीत, सुरातला माणूस. त्यांनी यंत्र मानेला लावलं. पहिला आवाज आला तो निव्वळ खर्र. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खांदे हलवून हसायला लागले. मग यंत्र पिशवीत टाकलं. एसटीत बसल्यावर ओठांनी मला एवढंच म्हणाले की तूही पहिल्या दिवशी अशीच वाजवत होतीस.

किंचाळी शिकायला मी गेले होते, पण ती मला नीट आली ती त्यांच्या हाताकडे बघून. मी छेडणं आणि स्पर्श करणं ही दोन कामं समजत होते. एक झालं की घाईने दुसरं. त्यांच्या हातात ते एकच होतं. आता मला दहातून सात-आठ वेळा जमतं. शहापूरला आम्ही तिघीजणी जमतो, एक ड्रमवर, एक गाते. घरमालकांचं बाळ चालायला लागलं आहे आणि त्याला अँपचा आवाज आवडतो, त्यामुळे तीही अडचण उरली नाही. माझी दुसरी गिटार आहे आता. काळी गावालाच असते.

मधे एकदा दवाखान्यात होते. मनगट मोडलेल्या एका आजींचा एक्स-रे घ्यायचा होता, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. उचलला तर पलीकडून एकसुरी, यंत्राचा आवाज, "हॅलो." जाहिरातीचा असेल म्हणून कट केला. लगेच परत वाजला.

"कट करू नको," तोच आवाज म्हणाला. "मी बोलतंय."

मी फोन घेऊन बाहेरच्या पायरीवर गेले. "बाबा?"

"हां. घरच्या फोनला रेंज नाय. पखवाजवाल्याचा हाय." प्रत्येक शब्द वेगळा, एकाच उंचीवर. "वाल निघाला. शनवारी ये."

"येते. अजून काही आणू?"

"तार आण. तिसरी. तुटली."

"आणते." मला वाटलं ते ठेवतील. ठेवला नाही. मागे काकांच्या घरातली गुरं, कोणाची तरी मोटरसायकल ऐकू येत होती. आतून आजींची मुलगी मला शोधत दारापर्यंत आली. "बाबा, अजून काही सांगायचंय?"

"काय नाय," ते म्हणाले. "असाच केलाय."